वरातीचा पीस

हेमा, तू गेलीस तेव्हा आपलं भांडण अर्ध्यावर होतं. सोमवारी संध्याकाळी तू माझ्याकडून उठलीस आणि चपला घालता घालता म्हणालीस, "उद्या बोलू, माधुरी. पर तवर तू मनात पक्कं करू नगंस." मंगळवारी सकाळी तुझ्या घरून फोन आला. मनात पक्कं केलं होतं की नाही, ते आता मलाही नीट आठवत नाही.

भांडण नेहमीचंच होतं. पुण्याच्या स्पर्धेत आपल्या क्लासमधल्या ओवीनं पियानोवर काय वाजवायचं. दोन पीस लागतात. पहिला आयोजकांच्या यादीतला, त्यावर आपलं पाच मिनिटांत एकमत झालं होतं. दुसरा आपल्या पसंतीचा, आणि त्यावर चौदा वर्षांत आपलं एकमत झालेलं मला आठवत नाही. बारा वर्षांच्या ओवीसाठी मी एक तीन पानी, भरधाव रचना काढून ठेवली होती. तू काढला होतास तो संथ, डाव्या हाताला तेच दोन सूर पुन्हा पुन्हा येणारा. त्याला तू 'पाणी भरायचा' म्हणायचीस.

तुझ्यावर पेपरात दोन छोटे मजकूर आले. शाळा, नोकरीची वर्षं, गावाचं नाव, सगळं बरोबर आहे. त्यात मला भर घालायची नाही. मला बोलायचंय ते एका वेगळ्याच पीसबद्दल. तो आपण सहा वर्षांपूर्वी निवडला आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. तू गेल्यानंतर मला त्याबद्दल एक गोष्ट कळली. तू असतीस तर कळली नसती, म्हणून ती तुलाच सांगावी लागतेय.

पण आधी थोडं मागचं. ते तुला माहीत आहे, तरी मला एकदा ओळीनं सांगू दे.

यजमानांची बदली झाली आणि मी पुण्याहून सोलापुरात आले. ट्रकमधून माझा उभा पियानो आला तेव्हा चार हमालांनी तो जिन्यावरून चढवताना गल्लीतली सगळी माणसं बघायला जमली होती. ती बातमी तुझ्यापर्यंत कशी पोहोचली, ते तू कधी सांगितलं नाहीस. एका दुपारी तू दारात उभी होतीस. नवी पेठेतून शाळेच्या गॅदरिंगसाठी कापड घेऊन चालली होतीस, पिशवी खांद्यालाच होती.

"तुमच्याकडं पियानो हाय म्हणं. मी बघू का?"

मला वाटलं, नुसता बघायचा आहे. तू पिशवी न काढता स्टुलावर बसलीस आणि वाजवायला लागलीस. मी स्वयंपाकघरात चहाला गेले होते ती तिथंच थांबले. बाहेर आले तेव्हा तू म्हणालीस, "ह्या दोन पट्ट्या उतरल्यात. उन्हाळ्यात हितं आतलं लाकूड लई वाळतंय. खालचं फळकूट काढून आत पाण्याचं भांडं ठेवत जावा." मी मान डोलावली आणि ठेवलं नाही. तीन महिन्यांनी पुण्याहून ट्यूनर आला, त्यानं तेच सांगितलं. मग ठेवलं. त्याच वर्षी त्या पियानोवर आपण दोघींनी मिळून मुलांचा क्लास सुरू केला.

मी सहाव्या वर्षापासून शिकलेली. परीक्षांची प्रमाणपत्रं चौकटीत लावून बाहेरच्या खोलीत टांगलेली. तू वैरागची, वडिलांची पिठाची गिरणी. नोकरीला म्हणून सोलापूरच्या शाळेत आलीस तेव्हा तिथल्या हॉलमध्ये एक पियानो धूळ खात पडलेला होता आणि निवृत्तीला आलेल्या मुख्याध्यापिकाबाईंना तो वाजवता येत होता. तू चोवीस वर्षांची होतीस. बाईंनी दोन वर्षं शिकवलं, मग त्या गेल्या आणि पुढचं तुझं तूच शिकलीस. तुझी बोटं कुठल्याही परीक्षेत नापास झाली असती, इतकी चुकीची पडायची. ऐकायला मात्र काहीही चुकायचं नाही. याचा मला बरीच वर्षं राग यायचा. हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण तुला ते दिसत असणार.

रचनांची परदेशी नावं तुला येत होती. तुला ती वापरायची नव्हती. त्यामुळे आपल्या क्लासमध्ये प्रत्येक पीसला तुझं नाव होतं. दळणाचा, पाणी भरायचा, रुसलेल्या मावशीचा, शाळा सुटल्याचा. मुलं घरी जाऊन हीच नावं सांगायची आणि पालक मला फोन करून विचारायचे की हे नक्की काय शिकवताय.

थंडी पडली की एका रविवारी आपण निवड करायला बसायचो. माझ्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर नोटेशनची पुस्तकं पसरायची, एका बाजूला तू आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पानांवर तेलाची बोटं उमटायची म्हणून मी चिडायची. तुझी पद्धत अशी, की पीस मुलाला एकदा वाजवून दाखवायचा आणि घरी पाठवायचं. दोन दिवसांनी आला की म्हणायचं, काय ऐकलंस ते गुणगुणून दाखव. "गुणगुणता आला तर त्यो त्याचा. न्हाई आला तर वर्षभर डोकं आपटलं तरी त्याचा व्हायचा न्हाई."

माझं म्हणणं वेगळं होतं. परीक्षक दिवसात चाळीस मुलं ऐकतात. जेवणानंतर त्यांचे डोळे मिटायला लागतात. त्या वेळी सोलापूरची एक मुलगी येऊन हळू, छान, साधं काहीतरी वाजवते आणि ते कागदावर 'गोड' असं लिहितात. मी स्वतः ते कागद पाहिले होते. मुंबई-पुण्याच्या मुलांच्या कागदावर 'तंत्र' आणि 'ताकद' हे शब्द असायचे, आपल्या मुलांच्या कागदावर 'गोड'. मला तो शब्द नको होता. आपली मुलं उसन्या कीबोर्डवर सराव करून तिथं जातात हे कुणाला कळू नये, असं मला वाटायचं. हे मला आजही चुकीचं वाटत नाही.

मग लावण्या आली.

चौदा वर्षांची, तुझ्या बॅचमधली. वडील श्रीनिवास, टॉवेलच्या कारखान्यात मागावर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, क्लासमध्ये जवळजवळ काहीच नाही. बोलायचीच नाही ती. पण बोटं अशी चालायची की मी शेजारच्या खोलीतून उठून बघायला यायची. तिला पहिल्यांदाच पुण्याला न्यायचं होतं आणि मी एक मोठी रचना काढली. डाव्या हाताला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऑक्टेव्ह, म्हणजे अंगठा एका पट्टीवर आणि करंगळी त्याच सुराच्या खालच्या सप्तकातल्या पट्टीवर, पंजा पूर्ण ताणलेला, आणि तसाच हात उचलून आपटत राहायचा. तू ऐकलास आणि हसलीस. "हा वरातीचा हाय की. बँजो पुढं, ढोल मागं." नाव पडलं.

मग तू हसायची थांबलीस. तो संवाद मला शब्दशः आठवतो, कारण गेले काही आठवडे मी तोच आठवतेय.

"तिचा हात बघितलास का तू?"

"बघितला. पोहोचतो."

"पोचतोय, पर ताणून पोचतोय. चवड्यावर उभं राहून माणूस किती चालंल?"

"दोन महिने आहेत. हात तयार होईल."

"हाडं वाढवणार हायस का तू दोन म्हयन्यात?"

"हेमा, असली मुलगी आपल्याकडे परत कधी येईल? तिला पण 'गोड' म्हणवून घ्यायचं का?"

 तू पुस्तक उचललंस आणि म्हणालीस, "बरं. देते मी तिला." मला वाटलं, मी जिंकले.

लावण्याला दुसरं बक्षीस मिळालं. आपल्या क्लासला मिळालेलं ते सगळ्यात मोठं बक्षीस. परीक्षकांच्या कागदावर 'ताकद' हा शब्द होता. तो मी तुला दोनदा वाचून दाखवला. येताना गाडीत ती मांडीवर बक्षिसाचा कप ठेवून झोपली होती, उजवा हात कपावर, डावा ओढणीखाली. डावा ओढणीखाली का होता, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

त्यानंतर आईच्या ऑपरेशनसाठी मी पाच आठवडे पुण्याला होते. परत आले तेव्हा लावण्याच्या नावापुढे हजेरी कोरी होती.

"ती येणार न्हाई आता," तू म्हणालीस. "हात दुखतोय तिचा. डॉक्टरनी आराम सांगितलाय."

"किती दिवस?"

"लई दिवस."

"त्या पीसमुळे?"

"ताण आला म्हणले." एवढं बोलून तू पुस्तकं लावायला लागलीस.

मी वाट पाहत होते. आज नाही तर उद्या तू म्हणशील, मी सांगितलं होतं. तू म्हणाली असतीस तर मी भांडले असते, आणि भांडता भांडता कबूल केलं असतं. मला तेवढीच एक वाट माहीत होती. तू कधीच म्हणाली नाहीस. मी तुझी गप्प बसण्याची रीत शिक्षा म्हणून घेतली, आणि काही महिन्यांनी तिचीही सवय झाली. लावण्याच्या घरी मी गेले नाही. आधी आई आजारी होती, मग परीक्षा होत्या, मग इतका उशीर झाला की आता कशाला जायचं, असं झालं. त्यानंतर लहान पंज्याच्या मुलांना मी तसला पीस कधी दिला नाही. तू ते पाहिलंस आणि त्यावरही काही बोलली नाहीस. आपण दोघी फार हुशार होतो या बाबतीत.

तुझ्या दहाव्याला मी तुझ्या घरी होते. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बायका बसल्या होत्या. एक मुलगी आत आली, तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसली. मी ओळखलं नाही.

"मॅडम, मी लावण्या."

वीस वर्षांची झाली आहे. फार्मसीचा डिप्लोमा करतेय. आता बोलते, आणि छान बोलते. मी तिला हात कसा आहे विचारलं. ती म्हणाली, "बराय. थंडीत थोडा धरतो. वाजवते मी, मॅडम. हेमा मॅडम यायच्या ना दर गुरुवारी."

मला कळेना. "कुठे यायच्या?"

"आमच्या घरी. शाळा सुटल्यावर. पाच वर्षं. आधी नुसती बोटं कोमट पाण्यात धरायला लावायच्या. मग एकेक बोट. मग हळू पीस. आता सगळे हळू पीस येतात मला."

गुरुवारी तू क्लासला उशिरा यायचीस. मी तुला त्यावरून बोलले होते. एकदा नाही, बऱ्याचदा. तू म्हणायचीस, शाळेत मीटिंग असते.

पुढं तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. "हेमा मॅडमना लई वाईट वाटायचं त्या पीसचं. म्हणायच्या, माधुरी नको म्हणत होती, हात लहान आहे म्हणत होती, मीच ऐकलं नाही. घरी बाबांना पण तसंच सांगितलं त्यांनी. म्हणून बाबा तुमचं नाव नेहमी चांगलं घेतात, मॅडम. म्हणतात, त्या मॅडमचं ऐकायला पाहिजे होतं."

आजूबाजूला बायका होत्या. तुझे यजमान दारात कुणाशी तरी बोलत होते. मला तेव्हाच सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी लावण्याला म्हणाले, "अभ्यास नीट कर," आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी येऊन मी तुझ्यावर चिडले. रडायला आलं असतं तर बरं झालं असतं, पण आधी रागच आला. हे करायचा तुला काही अधिकार नव्हता. माझी चूक होती, माझ्याकडे राहू द्यायची. का केलंस, हे मी दहा तऱ्हांनी मांडून पाहिलं. दोष माझ्यावर आला तर मी शिकवणं सोडीन, असं तुला वाटलं का? आई आजारी होती, म्हणून दया आली का? की पुस्तक तू तुझ्या हातानं लावण्याला दिलंस, तेव्हा ते तुझंच झालं, असं तू खरंच मानत होतीस? हे शेवटचं मला सगळ्यात खरं वाटतं, कारण 'देते मी तिला' असं तू म्हणाली होतीस. पण तू आता सांगणार नाहीस, आणि माझे तर्क हे माझेच तर्क आहेत.

लावण्याचं अजून एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं होतं. निघताना मी तिला विचारलं होतं, "तुला तो पीस नको होता का तेव्हा?" ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नव्हतं. पण विचारलं असतं ना, मॅडम, तरी मी तोच घेतला असता. मला बक्षीस पाहिजे होतं."

ओवीच्या फॉर्मची शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात होती. मी ओवीला बोलावलं आणि दोन्ही पीस वाजवून दाखवले, माझा आणि तुझा. तुझा वाजवताना माझी लय दोनदा सुटली. मग मी तिला विचारलं, तुला कुठला पाहिजे. चौदा वर्षांत हा प्रश्न आपण एकाही मुलाला विचारला नव्हता, हेमा. तू गुणगुणायला लावायचीस, मी पंजा आणि पानं मोजायची, आणि दोघींना वाटायचं की आपण मुलांचाच विचार करतोय.

ओवी म्हणाली, "दोन्ही नको."

"मग?"

"मला दळणाचा द्या. तो मला येतो."

दळणाचा तिनं दोन वर्षांपूर्वी वाजवला होता. तो तिच्या वयाला अगदी सोपा. मी तिला समजावून सांगितलं की स्पर्धेत हा कुणी वाजवत नाही, नंबर येणं कठीण. ती म्हणाली, "चालेल. पण तो मला न घाबरता येतो." मी फॉर्मवर तो लिहिला. तू असतीस तर तूही नाही म्हणाली असतीस. तुलाही तो ओवीसाठी लहान वाटला असता.

स्पर्धा झाली. ओवी अठ्ठाविसावी होती, जेवणानंतरच्या सत्रात. तुझ्या वडिलांच्या गिरणीचा पट्टा फिरतो तसा तिचा डावा हात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा फिरला, आणि उजव्या हातानं ती जिथं मी कधीच थांबले नसते अशा ठिकाणी थांबली. हे तिला मी शिकवलेलं नाही. नंबर आला नाही. कागदावर लिहिलं होतं, 'वादन आश्वासक. रचनेची निवड फारच साधी.' म्हणजे आपण दोघी हरलो आणि ओवीही हरली. पण तिनं बाहेर येऊन दोन बटाटेवडे खाल्ले आणि येताना गाडीत वाटभर समोरच्या सीटवरच्या बाईला पियानोच्या पट्ट्या किती असतात ते सांगत बसली. मला अजूनही वाटतं की माझ्या पीसनं नंबर आला असता. हे मी तुला सांगून ठेवते, नाहीतर तुला वाटेल की तू गेल्यावर मी बदलले.

लावण्याच्या घरी जायचं मी स्पर्धेच्या निमित्तानं पुढे ढकललं होतं. स्पर्धा संपली आणि निमित्तही संपलं. गेल्या रविवारी गेले.

तुला ते घर माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दोन खोल्या, बाहेर चार कुंड्या, आतून शेजारच्या मागांचा आवाज. रविवार होता तरी एक माग चालू होता. श्रीनिवास घरीच होते. मला बघून ते गडबडीनं उठले, खुर्ची पुसली. "बसा की मॅडम. तुमी आमच्याकडं पहिल्यांदाच." लावण्या आतून आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

मी बसले आणि लगेच सांगितलं. वाट पाहिली असती तर जमलं नसतं. म्हणाले, "सहा वर्षांपूर्वीचा तो पीस मी निवडला होता. हेमा नको म्हणत होती. तिनं मला सांगितलं होतं की लावण्याचा हात लहान आहे. मी ऐकलं नाही. तिनं तुम्हाला उलटं सांगितलं."

ते ऐकत राहिले.  मग लावण्याकडे वळून तेलुगूत काहीतरी विचारलं. ती नाही म्हणाली, तिलाही माहीत नव्हतं.

"मग बाईंनी असं का सांगितलं?"

"मला माहीत नाही."

"तुमी विचारलं न्हाई?"

"मला आत्ताच कळलं. ती गेल्यावर."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मागावर काम करणाऱ्या माणसाची बोटं, टोकाला चपटी झालेली. मग ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"डॉक्टरकडनं आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या. ह्याच दारात. मी आत घेतलं न्हाई. सगळी गल्ली बघत हुती. मी बोललो, पोरांचे हात म्हणजे तुमाला खेळणं वाटलं काय. अजून लई बोललो. त्या मान खाली घालून उभ्या. म्हणल्या, चुकलं माझं. तीनदा म्हणल्या. मग गेल्या. आठ दिवसांनी परत आल्या. परत मी बोललो. परत गेल्या. मग हिच्या आईनं आत घेतलं." त्यांनी दाराकडे बोट केलं. "त्यानंतर त्या आल्या की मी उठून भाईर जायचो. पाच वर्षं. त्या म्हणायच्या, नमस्कार भाऊ. मी न बोलता भाईर. एकदा पण पाणी घ्या म्हणलं न्हाई."

"आई द्यायची, बाबा," लावण्या म्हणाली.

"आई द्यायची. मी न्हाई दिलं."

शेजारचा माग थांबला. मी म्हणाले की माझी चूक होती, मला माफ करा. हे शब्द मी वाटेत चार वेळा मनात म्हणून पाहिले होते. तिथे ते फार लहान वाटले. श्रीनिवास माझ्यावर चिडले असते तर मी समजू शकले असते. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तुमी सहा वर्षांनी आला, मॅडम. त्या दुसऱ्या दिवशी आल्या हुत्या." त्यांच्या आवाजात दोष देण्यासारखं काही नव्हतं. ते स्वतःशीच काहीतरी जुळवून बघत होते.

 उठावं असं वाटलं, पण त्यांनी हातानं बसा अशी खूण केली आणि आत गेले. लावण्या मागोमाग जायला निघाली तर तिला त्यांनी थांबवलं. आतून स्टोव्हचा, भांड्यांचा आवाज येत राहिला. त्या घरात चहा बहुधा ते करत नसावेत, कारण साखर कुठे आहे हे त्यांनी दोनदा विचारलं. लावण्या दारातूनच सांगत होती आणि डावा हात उजव्या हातानं चोळत होती. थंडी नव्हती. सवय असेल.

श्रीनिवास कपबशी घेऊन बाहेर आले. बशीत थोडा सांडला होता. त्यांनी तो कप दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, वाकून, एखाद्या मोठ्या पाहुण्यासमोर धरावा तसा, आणि म्हणाले, "घ्या, बाई." मला सगळे मॅडम म्हणतात, हेमा. बाई ते मघाशी तुला म्हणाले होते. ते चुकून म्हणाले की ठरवून, हे मी विचारलं नाही. कप घेतला. नको म्हणायचा प्रश्नच नव्हता. मी पीत असताना ते समोर उभेच राहिले, आणि चहा संपेपर्यंत बाहेर गेले नाहीत.